डावं दार

आमच्या घरात धुण्याची सगळी कामं माझी. कपडे, भांडी, फरशी, देवघरातली उपकरणं, डाळ-तांदूळ, नातू आला की त्याचे मातीचे पाय. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्यात काय धुतलं नाही असं विचारलं तर एकच उत्तर होतं: गाडी. आधी स्कूटर होती. मग २०१६ च्या दसऱ्याला गडद निळ्या रंगाची मारुती आली, केए २२ नंबरची. ती धुणं हे ह्यांचं काम. रविवारी सकाळी बस्तीतून अभिषेक आटोपून आले, नाश्ता झाला, की जुनी हाफपँट चढवून हे अंगणात. ऊन तापायच्या आत गाडी धुऊन व्हायला हवी असा त्यांचा नियम होता.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि हसायची. कारण त्यांचा तो कारभारच तसा असे. एक नाही, दोन बादल्या. एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं शाम्पूत बुडवायचं, गाडीचा एक भाग पुसायचा, मग साध्या पाण्यात ते खळबळून पिळायचं आणि तेव्हाच पुन्हा शाम्पूत घालायचं. आधी छप्पर, मग काचा, मग बॉनेट आणि दारं, सगळ्यात शेवटी खालच्या कडा. चाकांचं फडकं वेगळं, त्याची बादलीही वेगळी. मी म्हणायची, ‘‘अहो, मुलीच्या बारशाला तिला तुम्ही इतकं नीट आंघोळ घातली नव्हती.’’ हे म्हणायचे, ‘‘तिला घालायला तू होतीस की.’’

पाण्यावरून मात्र आमचं कधी वाजलं नाही. ते का, हे सांगायला मला माहेरी जावं लागेल.

माझं माहेर चिकोडी तालुक्यातलं. दारापुढं आड होता. आई पहाटे पाणी ओढायची आणि दुहेरी फडक्यातून गाळायची. गाळून झालं की ते फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायची आणि ते पाणी भांड्यातून हळूच परत आडात सोडायची. त्यात आलेले बारीक जीव जिथले तिथं जावेत म्हणून. आम्ही त्याला जिवाणी म्हणतो. वरून ओतायचं नाही, भांडं खाली पाण्यापर्यंत न्यायचं आणि मग कलंडायचं, नाहीतर उंचावरून पडून जीव मरतील. आम्हा पोरींना शाळेला उशीर व्हायचा, पण तिचं भांडं काही घाईनं खाली जायचं नाही. ‘‘पाणी तुपासारखं वापरावं’’ हे तिचं पालुपद. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी हे आपापल्या आईच्या तोंडून ऐकलं असेल.

त्या शिकवणीवर वाढलेल्या बाईला नवरा अंगणात गाडीवर पाइप सोडून उभा राहणारा मिळाला असता, तर मला रोजच उपास घडले असते. पण हेही त्याच पाण्यातले. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि बोअरचं पाणी जड. एकदा यांनी घड्याळ लावून मोजलं, आमच्या पाइपानं पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरते. म्हणजे दहा मिनिटं पाइप चालू ठेवला तर दीडशे लिटर गेलं. यांच्या पद्धतीत चार बादल्यांत, साठ लिटरांत, गाडी स्वच्छ. तेही गाळलेल्या पाण्यानं. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, ‘‘गाडीलाही गाळलेलं पाणी? तिला काय प्रतिमा घ्यायच्या आहेत काय?’’ हे म्हणाले, ‘‘काकू, जीव वाचतात ते आहेच. पण पाण्यातली वाळूही फडक्यात राहते. ती वाळू गाडीवर घासली गेली तर रंगाचं वाटोळं.’’ आणि मला चिडवायला म्हणायचे, ‘‘गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका. तुझ्या त्या अठ्ठेचाळीस मिनिटांत माझी गाडी धुऊन होते बघ.’’

गाडी पुसायला दुकानदारानं एकदा यांना पिवळं, मऊ, चामड्याचं फडकं दिलं होतं. घरी येऊन पिशवीवरचं वाचलं आणि तसेच उलट पावली परत करून आले. मेणाच्या डबीवरून तर आमच्या सासूबाईंनी त्यांची उलटतपासणी घेतली होती. ‘‘मेण म्हणजे मधमाशीचंच की रे?’’ मध वर्ज्य, मग तिचं मेण दारात कसं चालेल, हा त्यांचा सरळ प्रश्न. मग ह्यांनी भिंग घेऊन डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि कारनौबा नावाचं मेण शोधून आणलं. ते ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवर येतं. ‘‘पानाचं आहे, आई,’’ असं त्यांनी सांगितल्यावर सासूबाईंनी डबीचा वास घेतला आणि परवानगी दिली. मी हे सगळं मैत्रिणींना तिखटमीठ लावून सांगायची. त्या हसायच्या. मला वाटायचं, पुरुषांचं एक खेळणं असतं, यांचं हे आहे.

२०२३ च्या दसऱ्यालाही त्यांनी गाडी अशीच धुतली, झेंडूचा हार घातला. चौथ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला हे कॅम्पातून काम आटोपून आले. गाडी आत घेताना गेटच्या डाव्या खांबाला घासली. तो करकर आवाज आतपर्यंत आला. मी धावत बाहेर आले. डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा, आतला पांढुरका थर दिसत होता, आणि एका ठिकाणी तर पत्राच.

सात वर्षांत गाडीला एक टाचणीएवढी खूण नव्हती. मी बोलायला लागले ती थांबलेच नाही. ‘‘डोळे कुठं होते तुमचे? एवढा मोठा खांब दिसला नाही? मी बोलले असते तर म्हणाला असता बायकांना गाडीतलं काय कळतं.’’ असं बरंच काही. हे शांतपणे उतरले. फक्त एवढंच म्हणाले, ‘‘गिअर घट्ट झालाय. सकाळपासून पडत नाहीय नीट. गॅरेजला दाखवायला पाहिजे.’’ चहा दिला, तो अर्धाच घेतला. दमलोय म्हणाले आणि आडवे झाले. सूर्यास्ताआधी जेवायला उठवायला गेले तर ‘राहू दे’ म्हणाले. मी मनात म्हटलं, रागावलेत. रागावू देत. चूक त्यांची आहे.

रात्री नऊला उठले तेव्हा तोंड डावीकडं ओघळलं होतं आणि डावा हात उचलत नव्हता.

दवाखान्यात पोचेपर्यंत दहा वाजायला आले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो वेळेचा. शेवटचे पूर्ण बरे कधी होते? मी सांगितलं, चारला आले तेव्हा बरे होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं एक इंजेक्शन असतं, ते त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तो वेळ आता गेला आहे, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मी मान हलवली. उजवीकडच्या मेंदूला इजा झाली की शरीराची डावी बाजू जाते, आणि कधी कधी माणसाला डावीकडचं असलेलंही जाणवत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. डावीकडं माणूस उभं असलं तरी लक्ष जात नाही.

किंवा खांब.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी हिशेब घातला. गिअर टाकायचा तो डाव्या हातानं. गिअर घट्ट झालाच नव्हता, हात ढिला पडत होता. चारला ते बरे नव्हतेच. तो ओरखडा मला काहीतरी सांगत होता आणि मी त्या ओरखड्यासाठी माणसाला बोलत बसले होते. सकाळपासून म्हणाले होते, म्हणजे चारलाही उशीर झाला असता की नसता, ते कुणी सांगू शकत नाही. पण निघाले असते तर प्रयत्न तरी झाला असता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही, ह्यांना तर नाहीच.

म्हणून इथं मध्येच थांबून सांगते. तोंड एका बाजूला ओघळणं, एक हात न उचलणं, बोलणं जड होणं, यातलं एक जरी दिसलं तर घड्याळ बघा आणि निघा. चहा करू नका. झोपू देऊ नका. आणि नेहमीचा नीट माणूस अचानक एका बाजूला धडकायला लागला, तर ओरडण्याआधी त्याच्या तोंडाकडं एकदा बघा.

दोन आठवड्यांनी हे घरी आले. गाडी कम्पाउंडच्या भिंतीला लागून उभी होती, डावी बाजू भिंतीकडं. मीच शेजारच्या मुलाला सांगून तशी लावून घेतली होती. म्हणजे तो ओरखडा कुणाला दिसणार नव्हता. मुलगी बेंगळुरूहून आली होती, ती म्हणाली, ‘‘आई, विकून टाकूया. कोण चालवणार?’’ हे काही बोलले नाहीत. बोलणं अजून जड होतं, आणि जे यायचं ते चिडूनच यायचं. मी म्हटलं, बघूया की उन्हाळ्यापर्यंत.

आणि मी गाडी पुसायला लागले. रोज सकाळी. जुन्या सुती लुगड्याचा धडपा घ्यायचा आणि सगळी गाडी कोरडीच खसाखसा पुसून काढायची. आमच्या रस्त्याचं काम चालू होतं, रोज तांबडी धूळ बसायची. मी रोज ती निपटून काढायची. हे पलंगावरून खिडकीतून बघायचे आणि मला वाटायचं, बघताहेत, बरं वाटत असेल. उजवी बाजू, बॉनेट, छप्पर. भिंतीकडच्या बाजूला मी जात नव्हते. तिथं जागाच नाही असं मीच मला सांगत होते.

संक्रांतीच्या सुमारास ह्यांना पहिल्यांदा अंगणात उन्हात खुर्चीवर बसवलं. गाडी समोर. ऊन बॉनेटवर पडलं होतं. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘कशानं पुसतेस?’’

‘‘लुगड्याचा धडपा आहे. अगदी मऊ.’’

‘‘धडपा मऊच आहे,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘धूळ मऊ नाही.’’

मी वाकून बघितलं. निळ्या रंगावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या बारीक बारीक रेषा. गोल गोल. सगळ्या बॉनेटवर. दोन महिने मी रोज सकाळी धुळीनं ती गाडी घासत होते. भांडी घासताना राख वापरावी तशी. त्यांनी सात वर्षं जे जपलं ते मी प्रेमानं आणि नेमानं खरवडलं होतं.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, ‘‘मग बघत होता की खिडकीतून! बोलायचं होतं!’’

‘‘बोललो असतो तर... पुसलं नसतंस,’’ हे म्हणाले. ‘‘रोज दिसायचीस.’’

त्या रविवारपासून मी गाडी धुवायला शिकले. हे खुर्चीत, मी बादल्यांपाशी. सोपं गेलं असं म्हणणार नाही. त्यांचे शब्द अडखळत यायचे, मला समजायचे नाहीत, ते काठी आपटायचे. एकदा मी हातमोज्यासारखं ते मऊ फडकं बादलीत फेकून आत निघून गेले होते. दहा मिनिटांनी परत आले तर हे तसेच बसलेले. म्हणाले, ‘‘शाम्पू वाळतोय.’’ काय करणार, धुतला.

शिकले ते असं. कोरड्या गाडीला कोरडं फडकं लावायचंच नाही. आधी वरून पाणी सोडून धूळ सुटू द्यायची, मगच हात लावायचा. दोन बादल्यांचं मर्म मला पहिल्या दिवशीच कळलं. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी तांबडी वाळू बसलेली दिसली. ती वाळू फडक्यावरून सुटून तिथं राहिली म्हणून गाडीवर गेली नाही. गाळणंच की हे, दुसरं काय! मग मला ते सगळं आपल्यातलं वाटायला लागलं. गोल गोल घासायचं नाही, सरळ रेषेत न्यायचं. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. भांडी घासायचा किंवा कपड्यांचा साबण नको, तो आधी लावलेलं मेण काढून टाकतो. पक्ष्याची विष्ठा दिसली तर तिला खरवडायचं नाही. तिच्यात आम्ल असतं, उन्हात ते रंग खातं, म्हणून उशीरही करायचा नाही. ओलं फडकं त्यावर पाच मिनिटं ठेवायचं, मऊ झाली की अलगद उचलायची. बोअरचं पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही, पांढरे ठिपके राहतात, आपल्या नळांवर राहतात तेच. शेवटचं पाणी शक्यतो पावसाचं घालायचं. आमच्या बेळगावात पावसाला काय तोटा, छपराचं पाणी पिंपात साठवलं की झालं. आणि मग मोठ्या, मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानं टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं. बाळाचं अंग टिपतो तसं.

मार्चमध्ये मुलीचा फोन आला. बेंगळुरूत पाण्याची टंचाई इतकी वाढली होती की पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लावला होता. ‘‘आई, तू अजून गाडी धुतेस?’’ मी म्हटलं, ‘‘आता पंधरा दिवसांतून एकदा, चार बादल्या, आणि खालचं पाणी मातीत जाऊ देते. तुझ्या आज्जीला विचार, ती असती तर तिनंही चालवून घेतलं असतं.’’ पण फोन ठेवल्यावर चाराच्या तीन बादल्या केल्या. चाकांना वेगळं पाणी नको, पहिल्या बादलीतलं उरलेलं पुरतं. आईचं पालुपद काही सुटत नाही.

मे महिन्यात भाच्याच्या लग्नाहून रात्री गाडीनं आलो. गाडी पुतण्यानं चालवली. सकाळी बघते तर गाडीच्या तोंडावर, नंबरप्लेटवर, काचेवर मेलेली पाखरं. पंख चिकटलेले. आमच्या घरात चिमणीएवढ्या जिवासाठी दिवा झाकणारी माणसं आम्ही, सूर्यास्तानंतर जेवत नाही. आणि हे. मी बादली घेऊन तिथंच उभी राहिले. हे म्हणाले, ‘‘म्हणून मी पावसाळ्यात रात्री गाडी काढत नव्हतो. तुला वाटायचं डोळ्यांसाठी.’’ खरंच मला तसं वाटायचं. ओलं फडकं ठेवून एकेक पंख उचलला. बत्तीस वर्षं एका घरात राहून माणसाबद्दल किती गोष्टी खिडकीतूनच बघितलेल्या असतात.

आता त्या जाळ्यासारख्या रेषांचं. मला वाटलं होतं पॉलिश म्हणजे काहीतरी वरून भरतात, भेगेत पुट्टी भरतात तसं. यांनी सांगितलं ते उलट निघालं. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. तो साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ओरखडा त्या थरात असतो. पॉलिश करायचं म्हणजे आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. मग खड्डा दिसत नाही, कारण भोवतालची जमीनच खाली आलेली असते. म्हणून ते सारखं सारखं करता येत नाही. थर संपला की संपला.

‘‘मग सगळ्या रेषा काढायच्या नाहीत?’’

‘‘ज्या डोळ्यांना खुपतात त्या. बाकीच्या राहू देत.’’

एका रविवारी एक भाग, असं करत मी हातानं बॉनेट आणि उजवी दारं उजळली. बोटाएवढं पॉलिश, हातभर जागा, हलका हात, मग पुसून उन्हात बघायचं. वर त्या पानाच्या मेणाचा पातळ थर. पूर्ण गेल्या नाहीत रेषा, पण जाळं विरलं. पहिल्या पावसात बॉनेटवर पाण्याचे मणी उभे राहिले तेव्हा मी छत्री घेऊन बघायला गेले होते, हे लिहायला मला लाज नाही वाटत.

राहिली होती डावी बाजू. मी ओल्या कपड्यानं हात घालून तेवढीच पुसून घ्यायची. हे काही म्हणत नव्हते. श्रावण गेला. भाद्रपदात दशलक्षण पर्व सुरू झालं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. बस्तीत प्रवचन ऐकताना मी दरवर्षी कुणाकुणाची नावं मनात आणते. जावेची, एका मैत्रिणीची. यंदा डोळ्यांपुढं सारखा एक खांब येत होता.

अनंत चतुर्दशी झाली, क्षमावणीचा दिवस आला. दिवसभर येणं-जाणं, फोन, ‘उत्तम क्षमा, उत्तम क्षमा’. तोंडानं म्हणून म्हणून ते शब्द नमस्कारासारखे झालेत. सगळे गेल्यावर, ऊन उतरताना, मी शेजारच्या मुलाला हाक मारून गाडी चार हात पुढं घ्यायला लावली. डावी बाजू उघडी झाली. अकरा महिन्यांत ओरखड्याच्या पत्र्यावर तांबूस गंजाचा ठिपका धरला होता.

हे काठी टेकत आले. मी त्या दारापाशी खाली बसले होते. वर न बघताच सगळं सांगितलं. चार वाजल्याचं, गिअरचं, चहाचं, डॉक्टरांनी सांगितलेल्या साडेचार तासांचं. तुम्हाला दवाखान्यात न्यायच्या वेळेत मी तुम्हाला गाडीच्या रंगासाठी बोलत होते, असं म्हटलं. क्षमा करा, असं बस्तीत म्हणतो तसं नाही, मराठीत साधं म्हणतात तसं म्हटलं.

बराच वेळ काही आवाज नाही. मग हे म्हणाले, ‘‘हात माझा होता. मीसुद्धा गिअरलाच दोष दिला की.’’

आणि थोड्या वेळानं, ‘‘हा पॉलिशनं जायचा नाही. पत्र्यापर्यंत गेलाय. गंज थांबव, बास.’’

पुढच्या रविवारी मी गंजाचा ठिपका बारीक कागदानं घासून काढला. गाडीवरच्या छोट्या पट्टीवर रंगाचा नंबर असतो, तो सांगून रंगाची नखपॉलिशएवढी बाटली आणवली. तिच्या झाकणालाच कुंचला. एकदम जाड थापायचा नाही, एक पातळ हात, तो वाळला की दुसरा. रांगोळीचा हात असल्यानं रेघ सरळ गेली. तरी ती दिसतेच. जवळून बघितलं तर निळ्यात किंचित वेगळा निळा आहे.

फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीनं ह्यांना एक व्यायाम दिलाय. टेबलावर टॉवेल ठेवायचा, त्यावर अधू हात, त्याच्यावर चांगला हात, आणि टॉवेल पुढं-मागं सरकवायचा. हे टेबलावर करायला कंटाळतात. म्हणून आता गाडी धुऊन झाली की मी कोरडं, स्वच्छ मायक्रोफायबरचं फडकं डाव्या दारावर धरते. ते त्यावर डावा हात ठेवतात, त्याच्यावर उजवा. सरळ रेषेत, पुढं आणि मागं. हात मध्येच घसरतो, मग मी तो उचलून परत ठेवते. एक दार टिपायला आम्हाला पंधरा मिनिटं लागतात. तोपर्यंत बाकीच्या गाडीवरचं बोअरचं पाणी वाळून पांढरे ठिपके पडतात. यांना ते दिसतात. मलाही दिसतात.